टाचेवरच्या होड्या

उलटे मास्तरांनी उभ्या आयुष्यात कधी खडू हातात धरला नव्हता. ते बुटांच्या कारखान्यात साचे कोरायचे. बुटाचा रबरी तळ ज्या पोलादी साच्यात दाबून काढतात, त्या साच्यातली नक्षी उलटी कोरावी लागते, म्हणजे तळावर ती सुलट उमटते. हे काम करता करता उलटं वाचायची आणि उलटं लिहायची अशी काही सवय त्यांना जडली, की दुकानाच्या काचेवरची पाटी आतून वाचतानाही ते अडखळत नसत. कारखान्यात कुणीतरी थट्टेनं त्यांना ‘उलटे मास्तर’ म्हटलं आणि ते नाव त्यांच्यामागोमाग घरापर्यंत चालत आलं. मग त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणू लागली. तिनंही कधी खडू धरलेला नव्हता.

मास्तरीणबाईंची नवऱ्याबद्दल एकच तक्रार होती. हा माणूस वर बघत नाही.

“आम्ही पहिल्यांदा भेटलो ना, तेव्हा हे सारखे माझ्या पायांकडे बघत होते,” त्या सांगायच्या. “मला वाटलं, बिचारा लाजतोय. लग्नानंतर कळलं की माझ्या चपला दुसऱ्या कारखान्याच्या होत्या.”

बाहेर पाऊस पडून गेला की मास्तर जिन्यातून वर येता येता पायऱ्यांवरचे ओले ठसे वाचत यायचे आणि दारातच बातमी द्यायचे. “वरच्या मजल्यावर कुणीतरी आलंय. बाण छाप, नवे कोरे. जावई असणार.”

“जावई कशावरून?”

“पायरीवर पूर्ण पाऊल टेकवून, सावकाश चढलाय. सासुरवाडीला असंच चढतात.”

तासाभरानं वरच्या मजल्यावरून खरंच जावयाच्या हसण्याचा आवाज यायचा. मास्तरीणबाई मान हलवायच्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागायच्या. नवऱ्याचं हे कसब त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांना शेजारच्या माणसाच्या शीळ घालण्याइतकंच वाटे. चांगलं आहे, पण त्याचं करायचं काय?

मास्तर त्यांना समजावून सांगायला जात नसत असं नाही. नवा साचा हातावेगळा झाला की ते त्याचा लाकडी नमुना घरी आणत आणि पोळपाटावरच्या कणकेच्या गोळ्यावर दाबून बघत. मास्तरीणबाई ओरडायच्या. मास्तर म्हणायचे, “अगं, बघ तरी. साचा उलटा. त्यातून निघाला तळ, तो सुलट. तो तळ मातीवर टेकला की पुन्हा उलटा. म्हणजे मातीवर जो ठसा उमटतो, तो माझा साचाच असतो. बूट कुणाचाही असू दे, जमिनीवर मी कोरलेलंच उमटतं.”

“आणि माझ्या कणकेवर काय उमटलंय? हे आता खायचं कुणी?”

तिथं तो विषय संपायचा.

एका साच्याचं नाव मात्र घरात निघायचं नाही. होडी छाप बुटांचा, सगळ्यात लहान मापाचा, डाव्या पायाचा साचा. होडी छापाच्या तळावर पुढच्या भागात लाटांच्या रेघा असत आणि टाचेवर आडवी अशी एक लहानशी शिडाची होडी. दोन्ही बूट शेजारी ठेवले की दोन होड्यांची तोंडं एकमेकींकडे यायची, समोरासमोर भेटायला निघाल्यासारखी. चित्र कागदावर सुलट काढलेलं असायचं आणि मास्तर ते मनातल्या मनात फिरवून पोलादात उतरवायचे. सगळी मापं नीट उतरली. शेवटच्या, सगळ्यात लहान मापाच्या डाव्या पायाला त्यांच्या हातानं होडी न फिरवता तशीच कोरली. पहिला जोड साच्यातून निघाला तेव्हा त्या दोन होड्या भेटायला निघालेल्या नव्हत्या. दोघींची तोंडं एकाच दिशेला होती. एक पुढे, दुसरी तिच्या मागे लागलेली.

“राहू दे,” कारखान्याचा मुकादम म्हणाला. “एवढं लहान माप कितीसं खपतं? आणि तळ बघतो कोण?”

मास्तरीणबाईंनीही समजूत घातली होती. “ज्याला बुटाचा तळ दिसतो, तो माणूस आधीच खाली पडलेला असतो. त्याला होडी कुणीकडे चालली याची काय पडलीय?”

मास्तर हसले नाहीत. त्या आठवड्यात ते जेवताना ताटावर बोटानं होडी काढायचे आणि पुसायचे. पुढे केव्हातरी ते निवृत्त झाले, साचे कोरायला यंत्र आलं, होडी छाप बंद पडला आणि उरलेला माल कारखान्याच्या गोदामात पडून राहिला.

मग नदीला पूर आला.

मास्तरांचं घर चढावर होतं, म्हणून वाचलं. मास्तरीणबाईंची थोरली बहीण खालच्या गल्लीत राहायची. तिचं घर पाण्यात गेलं. तिला लोकांनी होडीतून काढून आणलं ते अनवाणीच. ताईंना अलीकडे विसरायला होत होतं. आधी डब्यांची झाकणं, मग शेजाऱ्यांची नावं, मग नुकतंच काय खाल्लं ते. पुराच्या धक्क्यानं राहिलेलंही गढूळ झालं. सख्ख्या बहिणीच्या घरी त्या पाहुण्यासारख्या अंग चोरून बसायच्या.

“बाई, तुम्ही फार करताय माझं,” त्या मास्तरीणबाईंना म्हणायच्या. “माझी धाकटी बहीण आहे ना, ती पण अशीच आहे. तुम्ही पाहिलीत का तिला?”

“ताई, मीच ती. मीच धाकटी.”

ताई त्यांच्या पिकलेल्या केसांकडे बघायच्या आणि समजूतदारपणे हसायच्या. “काहीतरीच. ती एवढीशी आहे. पुलावर तिचा हात धरायला लागतो. आईनं सांगितलंय, हात धरल्याशिवाय पुलावर पाऊल टाकायचं नाही.”

मास्तरीणबाई मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी विसळायच्या.

पूर ओसरल्यावर कारखान्यानं गोदाम उघडलं आणि पूरग्रस्तांना बूट वाटले. अख्ख्या खालच्या वस्तीच्या पायांत होडी छाप आले. ताईंसाठी मास्तर स्वतः जाऊन सगळ्यात लहान मापाचा जोड घेऊन आले. त्यांच्या पायाशी बसून नाडी बांधण्याआधी त्यांनी सवयीनं बूट उलटे करून पाहिले आणि तसेच बसून राहिले.

“काय झालं? उसवलेत का?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“तोच आहे.”

“कोण तोच?”

मास्तरांनी दोन्ही तळ शेजारी धरले. एका होडीमागे दुसरी होडी. ताई वाकल्या, त्यांनी होड्यांवरून बोट फिरवलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या. “ही पुढची मोठी,” त्या म्हणाल्या, “आणि ही मागून येतेय ती धाकटी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पिण्याच्या पाण्याच्या टँकरवर रांगेत उभे होते. मास्तरीणबाई गच्चीवर ओल्या गाद्या उन्हाला टाकत होत्या. त्या खाली आल्या तेव्हा दार सताड उघडं होतं. खुर्ची रिकामी होती, आणि दाराशी ठेवलेले बूट नव्हते.

त्यांनी आधी घर पाहिलं, मग जिना, मग शेजारची घरं. मास्तर पाण्याच्या कळश्या घेऊन आले तर बायको रस्त्याच्या मधोमध उभी. “अहो, ताई गेली! नदीकडेच गेली असणार, तिला दुसरा रस्ताच माहीत नाही. आणि तिकडे पूल तुटलाय हो!”

पूल मधोमध वाहून गेला होता. अलीकडे एक दोरी बांधून ठेवली होती, पण वाकून पलीकडे जायला काय लागतं? नदी अजून दोन्ही काठ घासत वाहत होती. आणि खाली तर दहा गल्ल्यांचं जाळं. ताई त्यांतल्या कुठल्या गल्लीत शिरल्या असतील, कुणी सांगावं?

चढाच्या खालच्या कोपऱ्यावर एक स्वयंसेवक कर्णा घेऊन उभा होता. मास्तरीणबाईंनी त्याला गाठलं. “ठेंगणी आहे, केस पांढरे, पायांत होडी छाप बूट...”

“बाई,” तो आपले पाय पुढे करत म्हणाला, “माझ्याही पायांत तेच आहेत. सगळ्यांच्याच आहेत. तुम्ही दुसरं काहीतरी सांगा.”

मास्तरीणबाईंना रडू फुटलं. मास्तरांनी कळश्या तिथंच भिंतीशी ठेवल्या.

चार पावलं पुढे ते जिथं पुराच्या पाण्याची रेघ संपत होती तिथं आले. तिथून पुढे सगळा रस्ता गाळानं भरलेला होता. नदीनं आणून पसरलेला तो मऊ, गुळगुळीत गाळ आता अर्धवट वाळून मळलेल्या कणकेसारखा झाला होता, आणि त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलंच पावलं होती. सामान वाचवायला गेलेल्यांची, परत आलेल्यांची, धावलेल्यांची, घसरलेल्यांची. एकावर एक, एकात एक.

“यात काय सापडणार?” मास्तरीणबाई म्हणाल्या. “सगळं सारखंच तर आहे.”

“सारखं नाही.” मास्तर खाली बसले. त्यांचा आवाज कारखान्यातल्यासारखा झाला, हळू आणि स्वच्छ. “हे बाण छाप, तीन जण, जड सामान घेऊन. टाचा खोल गेल्यात. हा बाहेरगावचा बूट आहे, आपल्याकडचा नाही, मदतीला आलेला कुणीतरी. आणि हे सगळे होडी छाप. हे आठ नंबर. हे सात. हे पुन्हा आठ, पण दुसऱ्या साच्यातलं. पहिला झिजला म्हणून मी नव्यानं कोरला होता, तेव्हा लाटेची कड जरा जास्त वळवली. ती बघ.”

मास्तरीणबाईंनी वाकून बघितलं. लाटेची कड जरा जास्त वळलेली होती.

त्यांनी मान वर केली. दूरवर, वळणापर्यंत, उन्हात चमकणाऱ्या त्या गाळावर हजारो लाटा उमटल्या होत्या, हजारो होड्या. कोण कुठले लोक, घर गेलेले, पोरं कडेवर घेऊन चाललेले, आणि त्यांच्या प्रत्येक पावलाखाली मातीवर आपल्या नवऱ्याचा हात उमटलेला. साचा उलटा, तळ सुलट, ठसा पुन्हा उलटा. कणकेच्या गोळ्यावरून झालेली ती जुनी भांडणं त्यांना आठवली. इतकी वर्षं ते जे सांगत होते ते हे होतं तर. त्यांना एकदम त्या रस्त्यावर पाऊल टाकायचीच भीती वाटली, कुणाच्या तरी सारवलेल्या अंगणात शिरल्यासारखी.

“अहो,” त्या पुटपुटल्या, “हे सगळं तुमचं आहे.”

“मला यातलं एकच हवंय,” मास्तर म्हणाले. “होडीमागे होडी.”

ते रस्त्याच्या कडेनं, भिंतीला खेटून चालू लागले, म्हणजे कुठला ठसा मोडायला नको. दोन गल्ल्या सोडल्यावर एका दुकानाच्या पायरीशी ते थबकले. डावा ठसा, त्याच्या बाजूला उजवा. दोन लहान होड्या, दोघींची तोंडं एकाच बाजूला.

पावलं डावीकडच्या बोळात शिरत होती. दोघंही जवळजवळ धावतच निघाले. बोळाच्या शेवटी एका दारात ठसे आत गेले होते. मास्तरांनी कडी वाजवली. दार ताईंच्या ओळखीच्या शिंपीणबाईंनी उघडलं. त्या ठेंगण्या, किरकोळ अंगाच्या होत्या, आणि त्यांच्या हातात गाळ काढायचं फावडं होतं.

“तुमचे बूट दाखवा,” मास्तर म्हणाले.

“अहो मास्तर, आधी तोंड तरी बघा! पूर आला, घरात माती शिरली, माणसं विचारतात कशा आहात, आणि तुम्हाला माझे बूट हवेत!”

मास्तरीणबाईंनी घाईघाईनं सगळं सांगितलं. शिंपीणबाईंचा सूरच बदलला. त्यांनी पाय उचलून तळ दाखवला. होडीमागे होडी. “मला लहान माप लागतं ना, म्हणून हेच मिळाले. सकाळी पाणी आणायला मी कोपऱ्यापर्यंत गेले होते, तेवढीच. ताई इकडे नाही आल्या हो. आल्या असत्या तर मी जाऊ दिलं असतं का?”

मास्तर मागे फिरले. बोळाच्या तोंडाशी, त्या दुकानाच्या पायरीशी ते पुन्हा खाली बसले. तिथं लहान होड्यांच्या तीन रांगा होत्या. एक बोळात शिरत होती, ती शिंपीणबाईंची. पण कोपऱ्यावरून आणखी दोन रांगा फुटत होत्या. एक सरळ खाली नदीकडे. एक उजवीकडे, भाजीबाजाराच्या बाजूला. दोन्ही त्याच मापाच्या, त्याच साच्यातल्या. वस्तीत लहान पायांच्या आणखीही बायका असणारच.

मास्तरांनी बराच वेळ निरखलं. मग चष्मा काढून पुसला.

“माझं एवढंच,” ते म्हणाले. “बूट मी सांगितला. छाप सांगितला, माप सांगितलं, साचा सांगितला. याच्या पुढचं माझ्याकडे नाही. यातला तुझ्या बहिणीचा पाय कुठला ते तू सांग.”

“मी? मला यातलं काय कळतं?”

“साच्यातलं नाही कळत. तिचं चालणं तर कळतं ना? लहानपणी तिच्यामागून तू चालायचीस, मी नाही.”

मास्तरीणबाई गुडघे टेकून गाळात बसल्या. आधी त्यांना नुसती माती दिसली. मग होड्या दिसल्या. मग उजवीकडची रांग नीट दिसली. सरळ, घाईची, कामावर निघालेल्या बाईची. यात ताई नव्हती.

त्या नदीकडच्या रांगेकडे वळल्या. ही पावलं थोडी पुढे जात होती आणि थांबत होती. थांबल्या जागी दोन्ही ठसे आपल्याभोवती फिरले होते. टाचा पुढे, बोटं मागे, चढाच्या दिशेला. मग पुन्हा फिरून पुढची वाट. पुन्हा थोडं चालणं, पुन्हा थांबून मागे वळणं.

“घसरल्या असतील का?” मास्तरांनी विचारलं.

मास्तरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. शाळेच्या रस्त्यावरची ती पाठ त्यांना दिसत होती. दोन वेण्या, खांद्यावर दप्तर. थोडं चालून ताई थांबायची, गर्रकन वळायची, मागून येणाऱ्या धाकटीला डोळ्यांनी शोधायची आणि ओरडायची, “पाय उचल गं!” रोज, शाळा संपेपर्यंत, सगळ्या वर्षांत. नाव विसरली, चेहरा विसरला, घर विसरलं. पाय विसरले नव्हते. रिकाम्या रस्त्यावरून, गाळातून, त्या एवढ्याशा बहिणीला मागे वळून वळून बघत ताई गेल्या होत्या.

“हीच,” त्या म्हणाल्या. “ही मला शोधत गेलीय.”

मग त्यांनी कडेनं चालण्याचं भानही ठेवलं नाही. मास्तर मात्र तेवढ्या घाईतही ताईंची पावलं सोडूनच पाय टाकत होते. गल्ली संपली, पडक्या भिंती मागे गेल्या, पाण्याचा आवाज मोठा झाला. ठसे पुलाच्या चढावर गेले होते. दोरीच्या खालून पलीकडे गेले होते.

मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. “बघ. बघ तरी वर.” हे वाक्य त्या घरात आजवर दुसऱ्याच माणसाच्या तोंडी असायचं.

दोरीच्या पलीकडे, पुलाची फरशी जिथं सुरू होते बरोबर तिथं ताई उभ्या होत्या. त्यांच्या पायांखालचा गाळ पार तुडवला गेला होता. एवढ्याशा जागेत त्या कितीदा तरी वळल्या होत्या, पण पुलावर एकही पाऊल नव्हतं. ऊन पडलेली कोरी फरशी पुढे जात होती आणि मध्येच संपत होती. तिच्याखालून गढूळ तांबडं पाणी घोंगावत चाललं होतं.

ताई पुन्हा एकदा मागे वळल्या. त्यांना दोरीखालून वाकून येणारी, गुडघ्यांपर्यंत माखलेली एक पांढऱ्या केसांची बाई दिसली. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“किती वेळ गं! पाय उचलायला नको. चपला बघ कशा केल्यास.” त्यांनी हात पुढे केला. “दे. शाळेला उशीर झाला.”

मास्तरीणबाईंनी तो हात घट्ट धरला. ताई लगेच पुलाकडे वळल्या. आता हात धरला होता, आता जायला हरकत नव्हती. मास्तरीणबाईंनी मागे ओढून पाहिलं, पण ताईंच्या अंगात कुठून एवढं बळ आलं कोण जाणे.

“ताई, थांब. आज... आज शाळेला सुट्टी आहे.”

“कोण म्हणतं?”

मास्तरीणबाईंनी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं. “मास्तर म्हणतात. विचार हवं तर.”

ताईंनी दोरीशी उभ्या असलेल्या, चष्मा हातात धरलेल्या त्या म्हाताऱ्याकडे संशयानं बघितलं. मास्तर ताठ उभे राहिले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, हात पाठीमागे बांधले आणि जन्मात न काढलेला आवाज काढला.

“हो. आज सुट्टी. पूल दुरुस्तीला काढलाय. चला, सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं. धाकटीचा हात सोडायचा नाही.”

“बरं, सर,” ताई म्हणाल्या आणि मुकाट्यानं वळल्या.

परतताना दोघी बहिणी पुढे होत्या आणि मास्तर थोडं मागे, नेहमीसारखे खाली बघत. चढाशी पोचल्यावर कळश्या उचलताना त्यांनी मास्तरीणबाईंना हाक मारली आणि मागचा रस्ता दाखवला.

गाळावर आता त्या लहान होड्यांची एक नवी रांग वर आली होती, बाजूला मास्तरीणबाईंच्या चपलांचे ठसे. मास्तरीणबाईंनी ती रांग वळणापासून आपल्या पायांपर्यंत नजरेनं नीट वाचत आणली. सरळ होती. येताना ताईंचे पाय एकदाही मागे वळले नव्हते.